गाडीखालची सावली

मेहुण्याचा फोन आला तेव्हा एप्रिल संपत आला होता आणि टँकरची वाट पाहणं हा आमच्या गल्लीचा मुख्य उद्योग सुरू झाला होता.

"भाऊजी, यंदा सुट्टीत तुमच्याकडेच येतो म्हणतो. पुण्यात फार उकडतंय. तुमचं काय बुवा, तुम्ही पहाडावर राहता!"

'पहाड' या शब्दाने आजवर बऱ्याच लोकांचा घात केला आहे. राजुरा-गडचांदूरकडे जिवतीला 'पहाडावर' म्हणतात ते केवळ माणिकगडचे डोंगर चढून यावं लागतं म्हणून. पुण्याच्या माणसाला मात्र पहाड म्हटलं की महाबळेश्वर दिसतं, आणि महाबळेश्वर दिसलं की स्ट्रॉबेरी. खाली चंद्रपूर शहर मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जाऊन बसतं. त्या मानाने आमच्याकडे थोडं कमी असेलही. पण ही सूट म्हणजे दहा हजारांच्या पैठणीवर दुकानदाराने दहा रुपये सोडावेत तशी. नाही म्हणावं तर बायकोचा भाऊ. मी 'या' म्हणालो.

"आणि ब्रूनोलाही आणतोय," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

ब्रूनो म्हणजे पग. २००३ साली हचच्या जाहिरातीत एका पोराच्या मागे मागे चालणारं एक चपट्या तोंडाचं कुत्रं अख्ख्या देशाने पाहिलं आणि मध्यमवर्गाने ठरवलं की आपल्याही मागे असंच काहीतरी चालायला हवं. जाहिरात गेली, कंपनीचं नावही बदललं, कुत्री राहिली. ते पोर जाहिरातीत मे महिन्यात डांबरी रस्त्यावरून चालत नव्हतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

आमच्याकडेही एक कुत्रा आहे. खरं म्हणजे त्याच्याकडे आम्ही आहोत. तो सीमेवरचा. महाराष्ट्र आणि तेलंगण या दोघांनीही 'आमचीच' म्हटलेली १४ गावं जिवती तालुक्यात आहेत. परमडोली, मुकदमगुडा ही त्यांतलीच. तिथं वर्षानुवर्षं सगळं दुहेरी चालत आलंय. दोन रेशनकार्डं, दोन मतदानकार्डं, मराठी शाळा वेगळी, तेलुगू शाळा वेगळी. त्यांतल्या एका गावात मी शिकवायला होतो तेव्हा हा कुत्रा मराठी शाळेत 'राजा' आणि तेलुगू शाळेत 'राजन्ना' या नावाने पटावर होता. आमच्याकडे खिचडी खायची, तोंड पुसायच्या आत तिकडे जाऊन भात-अंडं खायचं. दोन्ही सरकारांचा एवढा लाभार्थी मी दुसरा पाहिला नाही. पण उन्हाळा लागला की दोन्ही शाळांना सुट्टी. खिचडी बंद, अंडं बंद, आणि मुख्य म्हणजे पोरांनी हात धुतलेल्या पाण्याचं डबकं बंद. कुत्र्यावर दोन राज्यांचा हक्क असला की उन्हाळ्यात त्याला पाणी कोणीच पाजत नाही, हा राज्यशास्त्राचा धडा मी त्याच्याकडून शिकलो. बदली होऊन जिवतीला आलो तेव्हा त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून घेऊन आलो.

इथे आल्यावर राजाने पहिल्याच दिवशी घराची पाहणी केली आणि रांजणाची जागा पसंत केली. आमचा रांजण ओसरीच्या कोपऱ्यात तिवईवर असतो. तो दिवसभर झिरपतो, खालची जमीन ओलसर राहते. राजाने तिथे पंजांनी हातभर खड्डा केला, तीनदा गोल फिरला, आणि अंग असं टाकलं की पोट ओल्या मातीला आणि नाक रांजणाच्या बुडाशी. बायकोने त्याला हाकललं, कारण पिण्याच्या पाण्यापाशी कुत्रं नको. मी तिची बाजू घेतली, कारण मला तिथेच राहायचं होतं. मग तो मोरीच्या नळीखाली गेला. तिथूनही हाकलला. मग गुरांच्या गोठ्यात, मग कडुनिंबाखाली, आणि कडुनिंबाची सावली जशी सरकेल तसा तोही तासागणिक सरकत राहिला, ऑफिसात बदल्या व्हाव्यात तसा. आम्ही जेवून उठलो की तो हळूच पुन्हा रांजणाखाली.

मेहुणा आला तो सामान घेऊन. कुत्र्याची थंडावा देणारी गादी. कुत्र्याचा बर्फाळ हाड-खेळ. कुत्र्यासाठी बूट, चार. मिनिटात किती श्वास घेतो ते मोजणारा पट्टा. राजा हे सगळं लांबून पाहत होता. त्याच्या चेहऱ्यावर, माहेरहून आलेल्या सुनेचं सामान उतरताना शेजारणींच्या चेहऱ्यावर असतो, तसा भाव होता.

गादी पहिल्याच दुपारी बाद झाली. आतल्या जेलमध्ये गारवा भरायला मुळात खोलीत गारवा लागतो. आमच्या टिनाच्या छपराखाली ती गादी दुपारी दोनला पोळी भाजण्याच्या बेतात आली होती. कूलर होता, पण कूलर हा विदर्भातला सर्वांत तहानलेला प्राणी आहे. दिवसाला बादल्याच बादल्या पितो, आणि आमच्याकडे बादली म्हणजे चलन. शिवाय मेहुण्याने 'गारवा बाहेर जातो' म्हणून खिडक्या बंद केल्या. कोरड्या हवेत कूलर छान चालतो, पण हवा बाहेर पडायला वाट नसेल तर तासाभरात खोलीचं कोकण होतं. माणूस घामाने चिकचिकतो आणि कुत्र्याची तर पंचाईतच होते, कारण कुत्र्याला घाम येतो तो फक्त पंजांच्या तळव्यांना. बाकी सगळा कारभार जिभेवर. धापा टाकायच्या, जिभेवरचं आणि नाकातलं पाणी उडवायचं, तेवढंच अंग गार. हवाच ओली झाली की ते पाणी उडत नाही. त्यातून ब्रूनोला नाक असं नव्हतंच. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून निवडून ते आत ढकललेलं. त्यामुळे आतली हवेची वाट अरुंद, टाळूचा पडदा लांब. रात्री तो घोरायचा तेव्हा गडचांदूरच्या सिमेंटचे ट्रक घाट चढताहेत असं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मेहुणा ब्रूनोला फिरवायला निघाला. मी म्हटलं, "अरे, अकरा वाजले."

"रूटीन मोडलं की तो चिडचिड करतो, भाऊजी."

"बूट तरी घाल त्याला."

"बुटांत त्याला लाज वाटते."

आमच्याकडे माणसं दुपट्टा गुंडाळून नुसते डोळे उघडे ठेवतात आणि त्या डोळ्यांनीही बाहेर बघत नाहीत, अशी ती वेळ. हवेत ४३-४४ असलं की उन्हातलं डांबर सहज ६० च्या वर जातं. हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून पाच सेकंद ठेववली नाही तर कुत्र्याला त्यावर चालवू नये, हे मी नंतर शिकलो. राजाला ते आधीपासून माहीत असावं. तो दारापर्यंत आला, रस्त्याकडे पाहिलं, मेहुण्याकडे पाहिलं, आणि आत वळला.

वीस मिनिटांत मेहुणा ब्रूनोला खांद्यावर टाकून पळत आला. जीभ गडद लाल, तोंडातून चिकट लाळेच्या तारा, डोळे लागलेले. खाली ठेवला तर पाय लटपटले.

खेड्यात माणूस आजारी पडला तर चार जण जमतात, शहरातलं कुत्रं आजारी पडलं तर चाळीस. प्रत्येकाकडे औषध होतं. आमच्याकडे उन्हात जाताना खिशात कांदा ठेवायची रीत आहे. त्यामुळे पहिला उपाय कांद्याचाच आला. एकाने तर फोडून ब्रूनोच्या नाकाशी, म्हणजे नाक जिथे असायला हवं होतं तिथे, नेलाही. दुसऱ्याने कैरीचं पन्हं आणलं. तिसऱ्याने तापाची गोळी. केस कापणाऱ्या आमच्या मित्राने वस्तरा आणायची तयारी दाखवली: "पुरा साफ करून टाकतो सर, दोन मिनटाचं काम हाय." एकाने चादर भिजवून ब्रूनोला गुंडाळलं.

मी गडचांदूरच्या ओळखीच्या पशुवैद्यांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, "आधी कांदा लांब न्या. कुत्र्याला कांदा विष आहे, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. तापाची गोळी नको. हा ताप नाही, ही भट्टी आहे. गोळीने भट्टी विझत नाही आणि माणसाची गोळी कुत्र्याचं काळीज जाळते. चादर काढा, ओली चादर अंगावर तशीच राहिली की आतली वाफ कोंडते. वस्तरा नको, केस उन्हालाही अडवतात. आता पाणी ओता. पोटावर, जांघांत, काखेत, पंजांवर. पंखा लावा. तोंडात बळजबरीने काही ओतू नका. आधी गार करा, मग गाडीत घाला. नुसता पंखा चालणार नाही हं, हवाच त्याच्या अंगापेक्षा गरम आहे."

पाणी ओता. बोलायला सोपं. टँकर कालही आला नव्हता. मोरीतली टाकी खडखडीत. लाईन होती म्हणून पंखा तरी होता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आणि मी मनात हिशेब करू लागलो, की पग साधारण आठ किलोचा, तर त्याला...

तोवर बायकोने रांजणावरचं झाकण काढलं होतं. पिण्याचं पाणी. त्या पाण्यासाठी तिने पहाटे चारला उठून विहिरीवर रांग लावली होती आणि आदल्याच दिवशी मी त्यात हात बुडवला म्हणून माझ्याशी बोलणं सोडलं होतं. तिने तांब्यावर तांब्या उपसून ब्रूनोवर ओतला. काही बोलली नाही. एकदाच भावाकडे बघून म्हणाली, "रूटीन!"

अर्ध्या तासाने गडचांदूरच्या टेबलावर त्याचं तापमान मोजलं. (कसं मोजतात ते सांगत नाही, ब्रूनोने त्याबद्दल आम्हाला अजून माफ केलेलं नाही.) कुत्र्याचं अंग एरवीच ३८-३९ अंश असतं, म्हणजे आपल्या हिशेबाने त्याला कायमचाच ताप. ४१ च्या पुढे गेलं की आतडी, मूत्रपिंड, मेंदू एकेक करून संपावर जातात. आमच्या ओतण्यानंतरही ब्रूनो ४० वर होता. सलाइन लागलं. संध्याकाळी त्याने मान उचलून मेहुण्याचा हात चाटला आणि मेहुणा, जो पुण्यात माणसांच्या तेराव्यालाही घड्याळ बघतो, तो रडला.

परत आलो तेव्हा शेजारची आजी ओसरीवर बसली होती. ही मूळची लातूरकडची. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून या पहाडावर जी घरं आली, त्यांतली. मेहुणा तिला बूट दाखवत होता, गादी दाखवत होता, आणि विचारत होता, की आजी, तुम्ही उन्हाळ्यात कुत्र्यांचं काय करायचा?

"काय करायचं? आमी आलो तवा बैलगाडीनं आलो. लेकरं गाडीत, बुढी गाडीत, कुत्रं गाडीखाली."

मेहुणा शिकलेला. त्याला म्हण आठवली. गाडीखाली चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं, गाडी मीच ओढतोय. त्याने ती म्हणून दाखवली आणि हसला.

आजी हसली नाही. "कुत्रं येडं हाय व्हय? त्याला काय वडायचं नसतंय. त्याला सावली लागतीय. गाडी चालती तशी सावली चालती. रस्त्यानं दुसरं झाड हुतं कुठं?"

मी मास्तर माणूस. ही म्हण मी वीस वर्षं अहंकाराचं उदाहरण म्हणून पोरांच्या वहीत लिहून देत आलो. एकाही पोराने, एकाही वर्षी, सूर्य कुठे होता ते विचारलं नाही.

त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं. मला सगळीकडे सावलीच दिसू लागली. दत्ताचं चित्र घ्या. चार कुत्रे, चार वेद, वगैरे ठीक. पण ते उभे कुठे आहेत? औदुंबराखाली. उंबराइतकी दाट आणि गार सावली दुसरी नाही. धर्मराजाच्या मागे शेवटपर्यंत जो कुत्रा गेला, तो गेला कुठे? हिमालयात. तीच यात्रा मे महिन्यात जिवती ते राजुरा अशी असती, तर धर्मराजाला स्वर्गाच्या दारात एकट्यानेच वाद घालावा लागला असता.

आणि आमचं चंद्रपूर! त्याची तर कथाच कुत्र्यापासून सुरू होते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा शिकारीत तहानला आणि झरपटच्या कोरड्या पात्रातल्या एका खड्ड्यातलं पाणी प्याला. त्या पाण्याने त्याच्या अंगावरच्या गाठी बऱ्या झाल्या, असं सांगतात. मग तिथेच एक दिवस त्याला नवल दिसलं. कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा त्याच्या शिकारी कुत्र्याच्या मागे लागला होता. कुत्रा पुढे, ससा मागे. शेवटी कुत्र्याने सशाला मारलं, पण राणीने सल्ला दिला की ही भूमी वीरांची आहे, ते दोघं जिथून धावले त्या वाटेवर कोट बांधा. म्हणून आज जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे. सशाच्या शौर्यावर लोक बोलतात. मी म्हणतो, नदीचं पात्र कोरडं म्हणजे दिवस उन्हाळ्याचे. कुत्रा सशाला भिऊन पळत नव्हता, तो सावली शोधत होता. सापडली नाही म्हणून गोल गोल फिरला आणि आपल्याला एवढा मोठा परकोट बांधावा लागला. वेळीच कुणी एक परळभर पाणी ठेवलं असतं, तर चंद्रपूर दहा-बारा घरांचं गाव राहिलं असतं.

हा सिद्धांत मी मेहुण्याला सांगितला. तो म्हणाला, "भाऊजी, तुम्हालाही थोडं ऊन लागलंय."

पण ब्रूनोच्या दिनचर्येत त्या दिवसापासून फरक पडला. फिरणं पहाटे पाचला आणि रात्री दिवे लागल्यावर. बाजाराला जाताना 'पाच मिनिटांत येतो' म्हणून गाडीत ठेवायचा तो बंद. बंद गाडी उन्हात दहा मिनिटांत बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी तापते आणि बाजारात पाच मिनिटांत परत आलेला माणूस अजून जन्मायचाय. स्टीलचं भांडं गेलं, त्याच्या जागी मातीचं परळ आलं, सावलीत. दोन ठिकाणी, कारण एक बकरी पिऊन जाते. राजासारख्या पंधरा किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला लिटरभर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. गल्लीत याची नक्कल झाली. समोरच्याने फुटकं गाडगं ठेवलं, त्याच्या शेजाऱ्याने टायर अर्धा कापून ठेवला. टायर पहिल्यांदा गाढवाने वापरला. नाथांनी गाढवाला गंगेचं पाणी पाजलं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागे धावले. आमच्या गल्लीत दोन्ही खाती एकाच टायरवर चालतात.

एका बाबतीत मात्र मी मेहुण्याचं ऐकलं नाही. रात्री तो म्हणाला, अंगणात छान वारा आहे, दोघांनाही बाहेर बांधून ठेवू. वारा छान असतो हे बिबट्यालाही माहीत आहे. उन्हाळ्यात रानातले पाणवठे आटले की तो पाण्याच्या मागावर गावाच्या कडेला येतो आणि पाण्याबरोबर काही चावायला मिळालं तर नाही म्हणत नाही. बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याच्यासाठी ताटात वाढून ठेवलेलं. ताडोबात वाघांसाठी सौरपंप लावून पाणवठे भरतात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून कोण कोण प्यायला आलं ते मोजतात. गावकुत्र्याचं मोजमाप फक्त बिबट्या करतो. म्हणून दोघं घरात. ब्रूनो मेहुण्याच्या गादीवर, मेहुणा ब्रूनोच्या गादीवर, आणि राजा दाराला पाठ लावून, एक कान बाहेर.

नवतपा लागला. २५ मेपासूनचे ते नऊ दिवस आमच्याकडे कुणी कुणाला 'कसं काय' विचारत नाही. चौथ्या दिवशी दुपारी लाईन गेली. पंखा थांबला, कूलरने शेवटचा थेंब टाकला. मेहुणा, पोरं, बायको सगळे आतल्या खोलीत जमिनीवर पसरलेले. मी गुपचूप ओसरीवर आलो. रांजण नुकताच भरला होता, झिरपत होता. त्याच्या खालच्या खड्ड्यात कुणी नव्हतं. मी आजूबाजूला पाहिलं, बनियन काढलं, आणि पाठ त्या ओल्या मातीला लावली.

एवढं सुख मला पगाराच्या तारखेलाही झालेलं नाही.

डोळा लागतो न लागतो तोच नाकाशी गरम श्वास जाणवला. राजा उभा होता. त्याच्या मागे, जीभ काढून, ब्रूनो. राजाने माझ्याकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे पाहिलं. भुंकला नाही, गुरगुरला नाही. रिझर्वेशनवाला प्रवासी डब्यात शिरून आपल्या बाकावर पसरलेल्या माणसाकडे जसा बघतो, तसा नुसता बघत राहिला.

मी सरकलो.